पायरीवरचा अर्धा तास

सकाळी आसन अंथरून बसले की खिडकीतून सगळ्यात आधी आत येतो तो वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. त्याच्यामागून खाडीवरचा ओला, खारट वारा येतो आणि शेजारच्या वाडीत झावळ्या एकमेकींवर घासू लागतात. रेवदंड्यात नवीन राहायला आले तेव्हा या वासावर उतारा म्हणून मी चंदनाची उदबत्ती लावायचे. आता लावत नाही. वास छातीभर घेते, आणि रोज न चुकता एक बाई आठवते. तिची आठवण आली की मान आपोआप खाली जाते.

माझी सगळी नोकरी न्हावा शेव्याला, मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कचेरीत गेली. दिवसभर कंटेनरचे नंबर, ट्रकवाल्यांचे फोन आणि साहेबांचा चढलेला आवाज. घरी आल्यावरही कानात फोन वाजत राहायचा. कुणीतरी ध्यान सुचवलं, एका शिबिराला जाऊन आले, आणि खरंच बरं वाटू लागलं. एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण निवृत्त होऊन इथे लहानसं घर बांधलं, एकटीच राहू लागले, आणि ध्यान ही माझी शोभेची वस्तू झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचे, वर्षभरात एक दिवस खंड नाही. लोक म्हणायचे, काय तेज आलंय चेहऱ्यावर. मी नम्रपणे हसायचे. त्या हसण्याचीही मला सवय झाली होती.

कोळीवाड्यातली एक बाई मला मासे द्यायची. माझ्याच वयाची. ती मला बाई म्हणायची, अहोजाहो करायची. मी मात्र तिला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करत आले. बरोबर माझ्या ध्यानाच्या वेळेला ती अंगणातून हाक घालायची, "बाई, म्हावरा घेता काय?" एकदा मी तशीच उठून दारात गेले आणि म्हटलं, "अगं, सकाळच्या वेळी हाक मारत जाऊ नकोस. मी ध्यानाला बसते. थांबायचं असेल तर गुपचूप पायरीवर थांब." आवाज चढवला नव्हता. शांतपणे बोलले याचं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. त्या दिवसापासून तिने हाक मारली नाही. येऊन टोपली खाली ठेवायची आणि मी डोळे उघडेपर्यंत बसून राहायची.

थंडीतली एक सकाळ. मी नुकतीच बसले होते. फाटक वाजलं, पावलं आली. नेहमीपेक्षा घाईची होती. टोपली ठेवल्याचा आवाज आला नाही. धाप लागल्याचा आवाज आला, बांगड्या दोनतीनदा किणकिणल्या. हे सगळं मी ऐकलं. ते लपवण्यात आता अर्थ नाही. आज काहीतरी वेगळं आहे, हेही मला कळलं होतं. पण शिबिरात शिकवलं होतं, आवाज येतात, जातात, आपण ढळायचं नाही. आणि खिडकीतून ती आपल्याकडे बघते आहे हे जाणवल्यावर मी पाठ आणखी ताठ केली. रोजच्यापेक्षा दहा मिनिटं जास्त, चांगला अर्धा तास बसले.

उठून दार उघडलं तर ती उभी राहिली. "बाई, घरवाल्याचा हात उचलत न्हाय. तोंड पन वाकडा झालाय. पोरं बोटीवर हायेत. स्टँडवर रिक्षा न्हाय. तुमची गाडी..." आजूबाजूचे सगळे बंगले मुंबईकरांचे, शनिवारखेरीज कुलूपबंद. माझ्याशिवाय ती जाणार कुठे?

"अगं, मग हाक का नाही मारलीस?"

ती साधेपणाने म्हणाली, "तुमीच बोल्ल्या व्हत्या ना, सकालचे पारी हाक मारू नको."

तिच्या नवऱ्याला घरून गाडीत घेतलं आणि चौल, नागाव करत अलिबागकडे निघालो. मागच्या सीटवर सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून तो विव्हळत होता. अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, कधी झालं हे? ती म्हणाली, सहा वाजता. डॉक्टर वैतागले. "मग इतका वेळ काय करत होतात? अशा दुखण्यात एकेक मिनिट महत्त्वाचं असतं."

मी तिच्या शेजारीच उभी होते. हातात गाडीची चावी होती. आता ती सांगणार म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले. ती म्हणाली, "गाडी मिलाली न्हाय, साहेब."

तो वाचला. चालूही लागला. उजवा हात मात्र परत आला नाही. जाळं विणणारा हात तो. अर्धा तास आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.

त्यानंतर कित्येक महिने मी आसन अंथरलं नाही. डोळे मिटले की बांगड्या ऐकू यायच्या. एके दिवशी तीच दारात आली. "त्यांचा बीपी चढतो. डॉक्टर बोलतात, मन शांत ठेवा. तुमचा ध्यान त्यांना शिकवा." कुणाला शिकवायची माझी लायकी नव्हती, आणि तिला नाही म्हणायची तर त्याहून नव्हती. मी जाऊ लागले. त्यांच्या घरी टीव्ही चालू असतो, नातवंडं भांडतात, कोंबड्या दारातून आतबाहेर करतात. तो भिंतीला टेकून बसतो, पाच मिनिटांत घोरू लागतो. मी समोर बसून राहते.

महिनाभराने मला राहवेना. ती अंगणात मासे साफ करत होती. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही आल्याचं मला कळलं होतं. मी ऐकलं होतं सगळं." तिला अहोजाहो करण्याची माझी ती पहिलीच वेळ.

तिची कोयती थांबली नाही. "माला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमचे डोले हालत व्हते."

मी वाट बघत राहिले. ती रागावेल, रडेल, निदान जाऊ द्या म्हणेल. ती यातलं काहीच म्हणाली नाही. मासा उलटा केला आणि म्हणाली, "आत जावा. ते बसलेत."

मी आत गेले, बसले. कबूल केलं की ओझं उतरतं अशी माझी समजूत होती. माझं उतरलं नाही. आणि आता वाटतं, ते तिने उतरवलं नाही हेच बरं. एवढ्या स्वस्तात सुटले असते तर मी त्याचीही गोष्ट करून पाहुण्यांना सांगितली असती.

तरीही ध्यानाला का बसता, असं हल्ली कुणी विचारलं तर शांतीसाठी, असं म्हणवत नाही. खंड किती पडले ते मोजत नाही. घराचं दार उघडं असतं. कुणी दुरून दुसऱ्याला जरी हाक मारली तरी माझे डोळे उघडतात आणि मी उठून बाहेर बघून येते. तेवढ्या वेळात तीनचारदा तरी असं होतं. शिबिरातल्या हिशेबाने हे ध्यान नव्हेच. पण आयुष्याच्या या टोकाला मला जे थोडंफार शिकता आलं ते एवढंच आहे, आणि ते शिकण्याची किंमत मी दिलेली नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी उजव्या हाताने दिली आहे.