दोनशे तीन मुलींची यादी

आमच्या कॉलेजात काहीही बिघडलं की दोष कॉम्प्युटरचा असतो, आणि कॉम्प्युटर म्हणजे मी. वाघोलीच्या या ऑफिसात गेली अकरा वर्षं मी डेटाबेस सांभाळतो, म्हणजे मागेल त्याला याद्या काढून देतो. यादी बरोबर आली तर ती ऑफिसने काढलेली असते. चुकली तर माझी.

त्या जुलैत मुलींच्या हॉस्टेलची यादी हवी होती. पहिल्या वर्षाच्या जेवढ्या मुलींनी अर्ज केले तेवढ्यांना जागा मिळणार होती. उरलेल्या जागा यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वेटिंगवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना जाणार होत्या. यादीत नाव नाही म्हणजे जागा नाही, इतका सरळ हिशोब. काम दहा मिनिटांचं. पण आमच्या अधीक्षकबाईंना यादीत पूर्ण नाव लागतं: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. "नुसतं नाव-आडनाव भिशीत चालतं, इथे नाही," असं त्यांचं म्हणणं.

आता मुलींचे अर्ज एका तक्त्यात आणि पालकांची माहिती दुसऱ्याच तक्त्यात. ही रचना ज्याने केली तो कधीच नोकरी सोडून गेला, शिव्या मात्र मी त्याला आजही देतो. मी दोन्ही तक्ते जोडणारी क्वेरी, म्हणजे मशीनला द्यायची आज्ञा, लिहिली आणि यादी आली चारशे पंधरा नावांची. आई एका ओळीत, वडील दुसऱ्या ओळीत, त्यामुळे मुलगीही दोनदा.

अधीक्षकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, मुली वाढल्यात की तुमचा उत्साह?"

मी चिडून जागेवर आलो आणि क्वेरीच्या शेवटी एक अट टाकली: नातं 'वडील' असेल तीच ओळ घ्यायची. यादी झटकन दोनशे तीनवर आली. एकही नाव दोनदा नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. चारशे पंधराचे दोन सारखे भाग होतच नाहीत, हे चौथीतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी प्रिंट काढली, शिपायाने ती बोर्डावर लावली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता एक बाई आणि त्यांची मुलगी खिडकीशी आल्या. यवतमाळकडून रात्रभर ट्रॅव्हल्सने आलेल्या. वाटेत गाडी बंद पडली म्हणून त्यांना दुपार झाली होती. मुलीच्या पाठीवर सॅक, हातात गादीची वळकटी.

"यादी बोर्डावर आहे. नीट बघा," मी मान वर न करता म्हणालो.

"तीनदा पाह्यली जी. पोरीचं नाव नाई दिसून रायलं."

मी वैतागून तिचा अर्ज शोधला. अर्ज होता. मंजूरही होता. मग यादीत नाव का नाही? मी क्वेरी पुन्हा चालवली. दोनशे तीन. अर्ज मोजले. दोनशे बारा. नऊ मुली गेल्या कुठे? मी डावी जोडणी वापरली होती, म्हणजे पालक सापडो न सापडो, मुलीचं नाव राहायलाच हवं. शुद्धलेखन तपासलं, जादा स्पेस तपासल्या, सर्व्हरला शिव्या घातल्या. मशीन काही चूक दाखवत नव्हतं, हेच सगळ्यात संतापजनक. चुकलं असेल तर बोंबल की बाबा!

तासाभराने मी त्या बाईंना विचारलं, "फॉर्मवर वडिलांची माहिती का भरली नाही?"

"हिचे बाबा नाई जी, चार वर्षं झाले. फारमवर मोबाइल नंबर मागतला होता. मेलेल्या माणसाचा नंबर कोठून देऊ?"

आणि मला ती ओळ दिसली. 'वडील' ही अट मी शेवटी लिहिली होती. जोडणीने सांभाळून ठेवलेली नावं तिथे पोचल्यावर गाळली जात होती. ज्या मुलीच्या वडिलांची ओळ नाही, ती मुलगीच नाही. अट जोडणीच्या आतच हवी होती. मी ती उचलून वर नेली. दोनशे बारा. नऊ नावांपुढे वडिलांचा रकाना रिकामा.

कागद घेऊन मी अधीक्षकबाईंकडे धावलो. जागा दुपारीच वाटून झाल्या होत्या.

"दिलेली खोली काढून कशी घेऊ? आता रिकामी होईल तशी देऊ," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

बाकीच्या आठ घरांना मी स्वतः फोन केले. या मायलेकी मात्र वळकटी घेऊन वाघोलीच्या गल्ल्यांत कॉट बेसिसची पाटी शोधत फिरल्या. सहाच्या सुमारास, मी गाडीची किल्ली शोधत असताना, त्या बाई पुन्हा खिडकीशी आल्या. एका खोलीत पाच मुलींबरोबर सहावी कॉट मिळाली होती.

"तुमी होते म्हणून नाव सापडलं जी," त्या म्हणाल्या. "नाई तर आमच्यासारख्याचं कोण पाह्यते?" त्यांनी हात जोडले आणि मुलीलाही पाया पडायला लावलं.

मी "असू दे, असू दे" म्हणालो. नाव मीच गाळलं होतं, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.