आरुसची गाडी

आरुस्याक, म्हणजे आमची आरुस, माझी भावजय. तिची जीभ तिखट आहे, तिच्या हातून मीठ जरा जास्तच पडतं आणि आल्यागेल्याला कॉफी विचारायचं ती हमखास विसरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी तिचं कौतुक केलं तर ते नात्याखातर केलं असं कुणी म्हणायला नको.

माझा भाऊ सेरोब गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा बांधकामावर रशियात जातो. तो गेला की त्याची पांढरी झिगुली गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून असायची. एके वर्षी आरुसने ती ताडपत्री ओढून काढली आणि गावातली माणसं भाड्याने ग्युमरी शहराला नेऊ-आणू लागली. उन्हाळाभर कुणी काही बोललं नाही. पहिला बर्फ पडला आणि सगळ्यांना तोंड फुटलं.

जुन्या झिगुलीचं हिवाळ्यातलं दुखणं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर वजन म्हणून काही नाही. बर्फावर पाय जरा जास्त दाबला गेला की तिचा मागचा भाग निघालाच रस्ता सोडून. म्हणून आरुस डिकीत वाळूची पोती ठेवते, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलते, ब्रेकला होता होईतो शिवत नाही, आणि मागची बाजू जिकडे घसरेल तिकडेच स्टिअरिंग वळवते. आणि हो, माणसं ती वजन बघून बसवते. गावातली जाडजूड वार्सो आली की हे ठरलेलंच:

"वार्सो, तू मागे. मधोमध."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"पोत्याचं भाडं मी घेत नाही, तुझं घेते. बस."

मी पडले काडी. त्यामुळे हिवाळाभर पुढची सीट माझी. "पेर्चुहीला बसवलं काय आणि नुसता तिचा कोट बसवला काय, गाडीला पत्ता लागत नाही," असं बायका माझ्या तोंडावर म्हणतात. म्हणेनात. इतक्या हिवाळ्यांत आरुसची गाडी एकदाही ट्रॅक्टरने ओढावी लागलेली नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवते. ऐकायचं नसेल त्यालाही ऐकवते.

कावोर हमायाकना मात्र हे मुळीच खपत नव्हतं. आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर क्रॉस धरतो तो कावोर, आणि मग जन्मभर त्या घरात शेवटचा शब्द त्याचा. सेरोब-आरुसच्या लग्नात क्रॉस हमायाकनीच धरला होता. एका हिवाळ्यात त्यांनी सेरोबला फोन करून सांगितलं, "बायको एक दिवस दरीत जाईल तुझी. विकून टाक ती गाडी. गिऱ्हाईक मी बघतो." सेरोब कसला भोळा! म्हणाला, "कावोर म्हणतील तसं. ईस्टरआधीचे उपास लागायच्या आत विकू."

संध्याकाळी आरुस माझ्याजवळ बसून म्हणाली, "वन्सं, एरवी मी सेरोबची बायको नाहीतर अमक्याची सून. ग्युमरीच्या नाक्यावर मात्र लोक म्हणतात, आरुसची गाडी आली. ते मला विकता येणार नाही हो." मी आपली तिच्यासाठी कॉफी करायला उठले.

उपासाआधीचं शेवटचं लग्न आमच्या चुलतभावाच्या मुलाचं होतं. कावोर अर्थात हमायाकच. वरात वरच्या चर्चकडे निघून गेली आणि इकडे कावोरच्या जीपमधलं डिझेल थंडीने गोठलं. कावोरवाचून लग्न लागणार कसं? गावात सुरू होईल अशी एकच गाडी उरली होती, आरुसची.

कावोर नवा कोट घालून आले. आहेराची परडी ठेवायला त्यांनी डिकी उघडली आणि वाळू बघून मागे सरले.

"लग्नाच्या गाडीत माती? कुणाला पुरायला निघालीस, पोरी?"

"कावोर, त्या पोत्यांवरच गाडी..."

"काढ म्हणतो ना!"

पोती अंगणात उतरली. त्यांच्या जागी फिती लावलेली चॉकलेटची परडी गेली, वजनाला एखाद्या कोंबडीएवढी. मग कावोर पुढच्या सीटवर बसले. त्यांचा मानच तो. कावोरला मागे बस म्हणायचं म्हणजे घराबाहेर काढल्यासारखंच. तेव्हा गावातला सगळ्यात जाडा माणूस पुढे आणि मी काडी मागे, अशी आमची स्वारी निघाली.

चर्चच्या चढणीवर निम्म्यात चाकं जागच्या जागी फिरायला लागली. गाडी तिरकी झाली. आरुसने तिला हळूहळू सावरत मागे पायथ्याशी आणलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"बघितलंस?" कावोर म्हणाले. "माझं कुणी ऐकेल तर ना! आज रात्रीच सेरोबला फोन लावतो."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आरुसने हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि वळसा घालून कावोरचं दार उघडलं.

"कावोर, मागे बसा."

"काय म्हणालीस?"

"मागे बसा. वजन पुढे आहे आणि चाकं मागची फिरतायत. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पोती काढ म्हणालात, काढली. पण ही चढण तुमचं ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

"आणि नाही बसलो तर?"

"तर चालत या. तुम्ही पोहोचेपर्यंत नवरीला पोर झालेलं असेल."

मी डोळे मिटून घेतले. वर चर्चची घंटा वाजायला लागली होती. कावोर उतरले. दार असं आपटलं की काचा थरथरल्या. मागे येऊन मला म्हणाले, "हो पुढे, हाडकुळे." ते बसले तशी गाडी मागून चांगली दबली.

"मधोमध," आरुस म्हणाली. ते मुकाट्याने सरकले.

गाडी निघाली, अगदी सावकाश. ज्या जागी दोनदा अडकलो होतो तिथे चाकं क्षणभर चाचपडली आणि मग त्यांनी जमीन धरली. वळणावर मागची बाजू डावीकडे, दरीकडे सुटली. आरुसने पाय उचलला, स्टिअरिंग डावीकडेच घेतलं, गाडी सरळ झाली. कावोरनी माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी आवळून धरली होती. खरं सांगते, तेव्हा मला माझ्या भावजयीचा असा अभिमान वाटला की दरीची भीती वाटायची राहूनच गेली.

चर्चसमोर सगळं गाव वाट बघत उभं होतं. पुढून मी उतरले. मागून चुरगळलेल्या कोटातले कावोर उतरले. "कावोरना मागे बसवलं?" कुणीतरी कुजबुजलं. आरुस मान ताठ करून उभी होती.

कावोरनी कोट झटकला. "बघता काय? मी मागे होतो म्हणून गाडी वर आली. नाहीतर बसला असतात बोंबलत!"

लोक हसले आणि लग्न लागलं. माझा मात्र जळफळाट झाला. ऐन वेळी गाडी सांभाळली कुणी आणि मिरवतंय कोण!

जेवणावळीत कावोर ग्लास घेऊन उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी सेरोबला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच, पलीकडच्या गावात ऐकू जाईल असा.

"सेरोब? गाडी विकायची नाही... का म्हणजे? कावोर सांगतोय ना! तुझ्या बायकोने आज मला मागे बसवलं, आणि बरोबर बसवलं. आणि हे बघ, तिकडचं काम संपलं तर ये इकडे. ती तुला हिवाळ्यापुरता ठेवून घेईल. वजन किती भरतं तुझं?"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण हसून नव्हे. आरुस उठली, तिने कावोरच्या हातून फोन घेतला.

"सेरोब, मी लवकर झोपणार आहे. सकाळी माझी ग्युमरीची फेरी आहे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"