फायरवॉलचा डेमो प्लॉट

आमच्या कंपनीत किस्से शोधावे लागत नाहीत. काहीतरी नवीन विकत घ्यायचं असं नुसतं निघालं की ते आपोआप जमायला लागतात. जालन्यातली बियाण्यांची कंपनी, आणि मी तिथला एकुलता एक आयटीवाला. 'आपल्या नेटवर्कला फायरवॉल घेऊ या' एवढंच म्हणालो, आणि वर्षभराची करमणूक झाली!

खरी धास्ती मला इंगळे साहेबांच्या कॉम्प्युटरची होती. कपाशीचे आमचे सगळे वाण त्यांनीच तयार केलेले. उभ्या आयुष्याच्या नोंदी त्या एका डब्यात, आणि बॅकअप शेजारच्याच टेबलावर! जवळच्या एका कारखान्याच्या फायली कोणीतरी इंटरनेटवरून लॉक करून खंडणी मागितली, तेव्हापासून मी रोज दोनदा तो डबा बघून यायचो.

*

पहिलं प्रेझेंटेशन मालकांसमोर. त्यांना सगळे भाईजी म्हणतात. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण भाईजी पक्के जालन्याचे. त्यांनी सगळ्या स्लाइड शांतपणे पाहिल्या, चहा मागवला आणि म्हणाले, "संदीप, समजलं काहीच न्हाई. पन तू लई घाबरलेला हायेस, हे बराबर समजलं!"

*

मुनीमजी म्हणजे आमचं अकाउंट्स. त्यांचा विरोध तात्त्विक होता.

"आपल्याला कोन लुटून राह्यलंय? जालन्यात सगळे वळखीचे!"

"मुनीमजी, हे चोर परदेशात बसलेले असतात."

ते चष्म्यावरून माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "मंग त्यांना आपला पत्ता कुनी देला?"

दोन दिवस माझ्याशी जरा जपूनच बोलत होते.

*

मग पुण्याहून फायरवॉल कंपनीचे एक सेल्सवाले गृहस्थ आले. टाय, लॅपटॉप, जगाच्या नकाशावर लाल ठिपके. भाईजींनी त्यांना आग्रह करून जेवू घातलं आणि बडीशेप पुढे करत विचारलं, "तुमच्या सोताच्या हापिसात हेच बसवलंय ना?"

गृहस्थ प्रामाणिक निघाले. म्हणाले, "सर, आमच्याकडे अजून मंजुरी यायचीय!"

*

शेवटी भाईजींनी निकाल दिला. "आपन शेतकऱ्याला नुसत्या कागदावर बी विकतो का? पहिले डेमो प्लॉट. शेजारी तुलनेला जुन्या बियाचा कंट्रोल प्लॉट. मंग बोलू!"

म्हणजे ट्रायलच्या फायरवॉलमागे सगळं ऑफिस, आणि एक कॉम्प्युटर मुद्दाम बाहेर, उघड्या इंटरनेटवर. मी हात जोडले. पण बियाण्याच्या धंद्यात कंट्रोल नसलेल्या ट्रायलला कोणी विचारत नाही!

आता कंट्रोल कोण होणार? मुनीमजी तीर्थयात्रेच्या रजेचा अर्ज घेऊन आले. आमच्या परतूरच्या बियाणे डेपोच्या मॅनेजरला फोन केला, तर ते म्हणाले, "आमच्याकडं लाइटच नसती राव, व्हायरस येऊन करील काय?"

इंगळे साहेब बिचारे म्हणाले, "माझा घ्या." भाईजी उठले, आणि त्यांनी स्वतःच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरची वायर माझ्या हातात दिली.

*

पुढच्याच महिन्यात कुरियरच्या नावाने एक मेल आला. इंगळे साहेबांना आलेला फायरवॉलने दारातच अडवला. भाईजींना आलेला त्यांनी उघडला. सगळं लॉक! मुलीच्या लग्नाचे फोटोसुद्धा गेले. दुसरी प्रत नव्हती. मी रडवेला झालो. भाईजींनी मात्र मांडववाल्याला फोन लावला.

रीतसर शिवारफेरी! पीक दाखवायला शेतकऱ्यांना बोलावतो, तसं मोंढा बाजारातल्या व्यापाऱ्यांना बोलावलं. टोप्या, मठ्ठा, जिलेबी. एका टेबलावर इंगळे साहेबांचा चालू कॉम्प्युटर, पाटी 'फायरवॉलसह'. शेजारी भाईजींचा मेलेला, पाटी 'कंट्रोल'. मंडळी हात मागे बांधून दोन्हींभोवती फिरली. एकाने वाकून वायरसुद्धा चाचपली.

मग एक म्हातारे व्यापारी म्हणाले, "भाईजी, सगळं बराबर हाय. पन लेकीच्या लग्नाचे फोटू गेले. त्यापरीस इंगळे साहेबांचा डबा बाहेर ठेवायचा व्हता. ते तर हो म्हनत व्हते ना?"

भाईजींनी जिलेबीची प्लेट आधी इंगळे साहेबांना दिली आणि म्हणाले, "कंट्रोल प्लॉटात कोनी बियाणं पैदा करनाऱ्यालाच पेरतं का? मी तर नुसता विकतो!"