सासूबाईंचे शेरे आणि बटणांचे गोल कोपरे

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी ती एका हाताने डबे भरत होती आणि दुसऱ्याने लिंक तपासत होती. तिकीट काढायच्या ॲपचे स्क्रीन रचणं हे तिचं पोटापाण्याचं काम. हौसेचं काम म्हणजे दर गुरुवारची ईमेल: सॉफ्टवेअरची रचना, नवं तंत्रज्ञान आणि इंटरनेटवरच्या लोकांच्या नाना कळा, यांवर आठवडाभरात वाचलेलं चांगलं काही. वाचक चार हजार.

पहिल्या वाचक सासूबाई. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या, तरी दुसऱ्यांच्या बोलण्यात कान घालायची सवय सुटलेली नाही. मसुदा आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, त्या प्रत्येक लेखाखाली ‘सासूबाई’ अशी सही करून शेरा मारतात, सून शेरे पुसते आणि मेल सोडते. या गुरुवारी मुलाचा एक बूट सापडत नव्हता. बूट सापडला. शेरे पुसायचे राहिले.

बसमध्ये बसल्यावर तिने फोन उघडला. जुन्या वेबसाइटवरच्या लेखाखाली होतं: ‘डोळे दुखले, पण मांजर नाचतं ते बघा.’ पासवर्डवरच्या लेखाखाली: ‘माझा म्हणजे आमच्या ह्यांचं नाव. कुणाला सांगू नका.’ चार हजार जणांना सांगून झालं होतं. आणि स्क्रीनवरच्या बटणांचे कोपरे किती गोल असावेत, या लेखाखाली: ‘सहा पानं नुसत्या कोपऱ्यांवर! या माणसाला घरी काही काम नाही का?’

लेख लिहिणारा हा माणूस तिचा साहेब होता. दुपारी तिच्या बढतीचा निकाल होता.

तिने घरी फोन लावला. “आई, आधी पासवर्ड बदला.”

“का गं?”

“तुमचे शेरे सगळ्यांना गेले.”

“अगं बाई! मांजराचासुद्धा?”

“साहेबांचासुद्धा!”

“मग बरंच झालं. तुला काही तोंडावर सांगायला जमलं नसतं.”

ऑफिसात मेल वाचलेला जो तो दुसऱ्याला विचारत होता, “काय हो, घरी काही काम नाही का?” ती हसू दाबून दाबून लालबुंद झाली होती, भीतीनेही असेल.

तीनला साहेबांनी बोलावलं. “घरी काम आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “जुळ्या मुली आहेत. म्हणून तर इथे बसून सहा पानं लिहिली.”

“आणि बढती, सर?”

“मंजुरीचं बटण मी सकाळीच दाबलं. नंतर तुमची मेल वाचली.” साहेबांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. “रद्द करायला गेलो, तर त्या फॉर्मला रद्द करायचं बटणच नाही. फॉर्म मीच रचलाय. कोपऱ्यांत गुंतलो होतो.”

मग मात्र तिला हसू आवरेना. साहेबांनाही.

“माझा नवा लेख तुमच्या सासूबाईंसाठी पाठवलाय,” ते डोळे पुसत म्हणाले. “छापायच्या आधी.”

संध्याकाळी सासूबाईंनी एवढंच विचारलं, “किती पानं?”

“अकरा.”

“आणि कशावर?”

“सावल्यांवर. बटणांच्या.”

सुनेला शेरे पुसायची आठवण करायला पुढच्या गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांचा गजर सासूबाईंच्या फोनवर लागलेला आहे. पासवर्ड अजून तोच आहे.