जवाईबापूंची दहा फूट जागा

जवाईबापू प्लास्टिकची खुर्ची उचलून फाटकाबाहेर उन्हात जाऊन बसले, तेव्हा मी शिडीवर होते आणि माझ्या हातात फिक्या गुलाबी गुलाबांची जुडी होती. निंबाची सावली चार पावलांवर होती. पण सावलीत बसून रुसलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "लोणारची गाडी किती वाजता हाये?"

जवाईबापू लोणारचेच, आणि स्वतः एसटीत कंडक्टर आहेत. त्याच रस्त्यावर.

मी मेहकरात लग्नाचं डेकोरेशन करते. अठरा वर्षं झाली. हे लग्न हिवरा आश्रमाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका शेतात होतं. नवरी प्रतीक्षा, पुण्यात नोकरीला. तिने मला फोनवर चाळीसेक फोटो पाठवले होते. सगळ्या फोटोंत फिकी गुलाबी आणि पांढरी फुलं, झेंडूचा मागमूस नाही. तिला हायड्रेंजियासुद्धा हवं होतं. हे पानकोबीएवढ्या गुच्छाचं, थंड हवेतलं फूल. मी तिला म्हटलं, आपल्याकडे एप्रिलात माणसं सुकतात. ती म्हणाली, मॅडम, एकच दिवस तर टिकवायचंय. तिचे वडील दिनकरराव गावातले मोठे शेतकरी, पण माझ्यासमोर त्यांचं एकच वाक्य असायचं: "पोरगी म्हणन तसं."

मी पहिल्या मीटिंगला सगळं विचारते. मुहूर्त किती वाजता, जनरेटर कुठे, वारा कुठून येतो, पंगत कुठे बसणार. मांडव कोण घालणार, हे मात्र मी विचारलं नाही. मांडव म्हणजे माझंच काम, नाही का?

इथेच माती खाल्ली.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव असतो. घरचा थोरला जावई जांभळाच्या डहाळ्या आणतो, बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, रोवतो आणि त्यांवर हिरवा मांडव घालतो. त्याबद्दल त्याला टोपी-शेला मिळतो आणि साळ्या-मेहुण्यांच्या शिव्याही. तो मांडव झाला की त्याखाली नवरीला हळद. या घरचे थोरले जावई सुरेशराव, म्हणजे प्रतीक्षाच्या मोठ्या बहिणीचे, सुनीताताईंचे नवरे. सगळं गाव त्यांना जवाईबापू म्हणतं.

ते सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून डहाळ्या घेऊन आले. समोर माझा ट्रस उभा. ट्रस म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, आम्ही त्यावरच सगळं टांगतो. वर गुलाबी कापडाचं छत, खाली गुलाबी गालिचा. बल्ली रोवायला वीतभर माती उघडी नाही. जवाईबापूंनी सांगाड्याला बोटानं टिचकी मारली. टण्ण वाजलं.

"मंग जवाई कायले बलावला?" ते म्हणाले. "फोटोले?"

आणि खुर्ची उचलली.

पुढच्या अर्ध्या तासात लग्न हातातून जायला लागलं. सुनीताताई बॅग भरायला घरात गेल्या. नवरा उन्हात बसलाय आणि मी इथं हळद कुटू का, असं त्यांनी सगळ्या बायकांना सुनावलं. हळदीचा पहिला हात मोठ्या बहिणीचा, हे दोघी बहिणींचं लहानपणापासून ठरलेलं. प्रतीक्षा पिवळं लुगडं नेसून पाटाजवळ उभी होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि पुण्याची भाषा पार उतरली होती.

"मॅडम, ताई गेली तं मी हळद लावत नाई. कोणाकूनच नाई."

दिनकरराव तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. तिन्ही वेळा त्यांनाही गाडीची वेळ विचारण्यात आली. शेवटी ते मला म्हणाले, "मॅडम, खोला तुमचा सांगाडा."

ट्रस खोलायला पाच तास लागतात, पुन्हा उभा करायला रात्र. मी शिडीवरून उतरले, मोजायची टेप घेतली, पदर खोचला आणि फाटकाबाहेर गेले. मी शाळेत गॅदरिंगला दरवर्षी राणीचं काम करायचे. त्यातलं जे काही उरलं होतं, ते चेहऱ्यावर आणलं.

म्हटलं, जवाईबापू, तुम्ही इथे काय करताय? तुमच्यासाठी तर मुद्दाम एन्ट्री गेट मोकळं ठेवलंय, मी सकाळपासून तुमची वाट बघतेय.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मॅडम, मी रोज गाडीत खोटं ऐकतो. मिशी फुटलेल्या पोट्ट्याले माय म्हणते, हाफ तिकीट द्या. तुमचं त्याच्याहून मोठं हाये."

आता हसू कसं दाबायचं? दाबलं नाही. हसले आणि टेप खाली ठेवली.

"विसरले मी, जवाईबापू. विचारायलाच विसरले. चुकलं."

"हे बराबर तिकीट फाडलं," ते म्हणाले. घाम पुसला. मग व्यवहारावर आले. गेटवर मांडव म्हणजे चपला सांभाळणं. आपला मांडव नवरीच्या डोक्यावर पाह्यजे, हळदीलेबी आन् उद्या लग्नालेबी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद. जागा नेमकी माझ्या गुलाबी छताखालची.

मी प्रतीक्षाकडे वळले. ती मागेच येऊन उभी होती. पिंक कापड काढावं लागेल, एवढं मी म्हणतेय तोच तिने स्वतःच जाऊन गालिच्याचं टोक उचललं.

ट्रस बाहेरून तसाच राहिला. मधलं छत काढलं, गालिचा गुंडाळला, चार बल्ल्या रोवल्या. जवाईबापू वर चढले. खालून बायकांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी गाणी म्हटली, एका मेहुणीने धोतर नाही म्हणून पायजम्यालाच गाठ मारली आणि दुसरीने खालूनच तांब्याभर पाणी फेकलं. माणूस एवढा खुश मी एसटीत कधी पाहिला नाही. डावा कोपरा चार बोटं खाली आला होता. माझे हात शिवशिवत होते, पण तोंड शिवून बसले. सुनीताताईंनी बॅग कोपऱ्यात टाकली आणि प्रतीक्षाच्या गालाला हळद लावली. मग दोघींनी एकमेकींना इतकी लावली की पाहुण्यांपुरती उरते की नाही, अशी मला काळजी.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा. फुलं आम्ही फोममध्ये खोचतो. तो पाणी पिऊन बसलेला हिरवा स्पंज असतो, देठांना ओलावा देतो. पण एप्रिल त्याचं ऐकत नाही. साडेदहाला हायड्रेंजियानं मान टाकली. अकराला गुलाबांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या. जांभळाची पानं मात्र जाड. ती कालच्यासारखीच हिरवी, चकचकीत, आणि खाली गारवा. मी धावपळ करून जेवढे गुलाब शुद्धीवर होते तेवढे डहाळ्यांत खोचले. हिरव्यावर फिका गुलाबी. खोटं कशाला सांगू, माझ्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये एवढं देखणं काही नव्हतं.

अक्षता पडेपर्यंत पाहुण्यांनी खुर्च्या सरकवत सरकवत मांडवाच्या कडेपर्यंत आणल्या. फोटोग्राफर तिथून हलेना. नवरदेवाची आई माझ्याजवळ आली आणि विचारलं, "ही थीम कोणाची हो? फारच सुंदर."

मी तोंड उघडलं. अगदी माझं नाव जिभेवर होतं. तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. नवी टोपी, खांद्यावर शेला.

"यांची," मी म्हटलं.

आता पहिल्या मीटिंगला रंग, थीम, फुलं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, घरचा थोरला जावई कोण. ड्रॉइंगमध्ये मधोमध दहा बाय दहाचा चौकोन कोरा ठेवते. त्यात मी काहीही काढत नाही. फक्त सामानात दोराचं एक बंडल जास्त टाकते, आणि डावा कोपरा चार बोटं खाली येणार, हे धरून चालते.