कागदाची मागची बाजू

नागपूरच्या विमानतळावर बाकीचे बाप लेकींच्या हातात लाडवांचे डबे देत होते आणि माझे बाबा माझा व्हिसाचा कागद उलटून बघत होते. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस! "पोरी, कागदाची मागची बाजू वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नको," एवढंच म्हणाले. आई वैतागली, "अहो, निरोप तरी धड द्या!" मला हसू आवरेना.

बाबा, आता हसू येत नाही, म्हणून हे लिहितेय.

नॉटिंगहॅमला मी सतराव्या शतकातल्या रोममधली पत्रं वाचते, तीच माझी पीएचडी. एक चिटणीस आणि त्याची प्रेयसी. तो पोपच्या दरबारातल्या एका कार्डिनलच्या पदरी होता. प्रेम मोठं गोड, फक्त त्याच्या प्रत्येक प्रेमपत्राची नक्कल कार्डिनलच्या दप्तरातही सापडते, आणि तीही त्याच्याच हस्ताक्षरात. माझ्या सुपरवायझर म्हणतात, बिचारा घाबरला असेल. मी म्हणते, भामटा होता. तिला कळलं असणार. पुढेपुढे तिची पत्रं नुसती धुणं आणि अंजिरांबद्दल आहेत.

त्याच सुमारास मार्को भेटला. लेस्टरमध्ये वाढलेला, आईवडील इटालियन, कट्टर कॅथलिक. हा मात्र पोह्यांवर शेव मागून घेणारा. जीव जडला, सांगायला लाज कसली? चर्चमधल्या लग्नाला मी एका अटीवर हो म्हटलं: माझ्या आजोबांनी बौद्ध दीक्षा घेतलीय, आपल्या मुलांचा बाप्तिस्मा होणार नाही. "ऑफ कोर्स," तो म्हणाला. लगेच पुन्हा म्हणाला, "ऑफ कोर्स." तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

गेल्या महिन्यात कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, पत्र शोधताना ड्रॉवरमध्ये चर्चच्या लग्नाआधीच्या फॉर्मची प्रत सापडली. पुढे मार्कोची सही: मुलांना कॅथलिक करण्यासाठी जमेल ते सगळं करीन. मी कागद उलटला. मागे पाद्रीबाबांची सही: नियमाप्रमाणे होणाऱ्या नवरीला याची कल्पना दिलेली आहे. कुणी दिली? कधी? मला पत्ताच नाही!

आठवडाभर मी गप्प. दूध संपलंय, कचऱ्याचा डबा बाहेर ठेव, एवढंच बोलणं. मग लक्षात आलं, अगं बाई, मीही धुणं आणि अंजिरांवर आलेय! त्या संध्याकाळी कागद मागची बाजू वर करून टेबलावर ठेवला.

मार्को पांढराफटक पडला. "तुला सगळं सांगितलंय, असं फादरना मीच म्हणालो. मम्माचं मन मोडवेना, आणि तुझंही."

"मग मोडलं कुणाचं?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाद्रीबाबांना खरं सांगितलं आणि कोरा फॉर्म घेऊन आला. दोन्ही बाजू मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. सही केली नाही. त्याच्या आईला फोन माझ्यासमोरच लावला. ती रडली, तो रडला, मीही रडले.

मग कागद त्यानं माझ्या हातात दिला. बाबा, शब्दन् शब्द ऐकला होता मी. तरी हातानं तो उलटलाच. मार्कोनं ते पाहिलं आणि चहा ठेवायला गेला.

तुम्ही फोनवर विचारता, घर लागलं का गं तिकडे, रुळलीस का? दोन खोल्या आहेत, हीटिंग चांगलं आहे, खिडकीत कढीपत्ताही जगलाय. पण त्याच्या हातचा कागद ज्या दिवशी न उलटता ठेवून देईन, त्या दिवशी घर लागलं म्हणेन. लग्नाची तारीखही तेव्हाच कळवीन.