भाचीच्या कमरेचा चाकू

"कांदा चिरायला सांगा तिला, मग कळेल किती शूर आहे ते," सतरंजीवर बसलेल्या काकू म्हणाल्या, आणि शेजारच्या दोघी हसल्या. मला ऐकू गेलं नसेल असं त्यांना वाटलं. मला सगळं ऐकू येतं. उत्तर मात्र सुचतं ते दुसऱ्या दिवशी, दात घासताना.

गिरणारे गावाच्या अलीकडे मोठ्या काकांची द्राक्षबाग आहे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सगळं घर तिथे भरीत-भाकरी खायला जमलं होतं. मी आणि माझी नऊ वर्षांची भाची जरा लांब, बांधाजवळच्या जांभळाखाली बसलो होतो. तिच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला चामड्याचं म्यान, आणि म्यानातला चाकू तिच्या हातात. पातं माझ्या करंगळीपेक्षा थोडंच मोठं. काकूंची करमणूक त्याच्यावरच चालली होती.

चाकू मीच आणून दिलेला. रानात कसं राहायचं ते शिकवणाऱ्या एका शिबिराला मी गेले होते, ऑफिसात कुणाला न सांगता. लाकूड तासायचं, दोरीच्या गाठी मारायच्या, चकमकीवर जाळ करायचा. तिथे फारसं बोलावं लागत नसे, म्हणूनही मला ते जमलं असेल. परत आल्यावर भाची मागे लागली, "आत्या, मला पण." तिची आई, म्हणजे माझी वहिनी, पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकव. पण एकदा जरी रक्त दिसलं ना, तर चाकू माझ्या कपाटात आणि तुमचं रविवारचं भटकणंही बंद."

वहिनी बोललेलं करते. आणि त्या रविवारांखेरीज मी मोकळेपणाने कुणाशी बोलत नव्हते. डोंगराच्या उतारावर, वाळक्या काटक्या गोळा करताना, मी आठवडाभराचं सगळं त्या पोरीला सांगून टाकायचे. ती निम्मं ऐकायची. तेवढं पुरायचं.

पहिला नियम कसं बसायचं याचा. हात लांब करून चाकू चौफेर फिरवायचा, म्यानात ठेवूनच, आणि तो पोचेल तेवढ्या जागेत कुणी नाही ना ते बघायचं. त्या जागेचं शिबिरातलं नाव 'ब्लड सर्कल'. वहिनीच्या कानावर जाऊ नये म्हणून मी त्याचं 'रिंगण' केलं. रिंगणात कुणी आलं की हात थांबलाच पाहिजे. आतापर्यंत तो नियम मोडायला कुणी नव्हतंच. उतारावर आम्ही दोघीच असायचो.

त्या दिवशी मात्र तिने काकांसमोर फुशारकी मारली होती की ती काडेपेटीशिवाय चूल पेटवते. काका म्हणाले, "मग आज चूल तूच पेटव. नाय पेटली तर भरीत नाय." आता पंधरा-वीस माणसं भुकेली होती आणि तीन दगडांच्या चुलीत छाटणीच्या वाळक्या काड्या रचून तयार होत्या.

ती सुबाभळीच्या काटकीचा पिसारा करत होती. काटकी फळीवर टेकवायची, उजवं कोपर ताठ ठेवून पातं खाली ढकलायचं, लाकडाची पातळ साल वळत जाते, पण तुटू द्यायची नाही. अशा वळ्यांचा झुपका झाला की त्यावर ठिणगी धरते. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली होती. मी तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघत होते. घाबरले की मी इंग्रजीत विचार करते, शाळेची सवय. केअरफुल, केअरफुल, एवढंच डोक्यात चाललं होतं.

"झालं का गं?" काका उठून आले. मागोमाग काकू, हातात हळदकुंकवाची वाटी. मग बाकीचे, मोबाईल काढून. रिंगण कुठल्या कुठे गेलं. भाची थांबली. मला वाटलं, आता बोलावं.

"नात पयल्यांदा चूल पेटवतेय," काका म्हणाले. "चला, हात लावा सगळ्यांनी."

आमच्याकडे आरती असो की नव्या गाडीपुढचा नारळ, एकजण करतो आणि बाकीचे त्याच्या कोपराला हात लावतात. जो पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्याला लावतो. ते काम मग सगळ्यांचं होतं. मीही लहानपणापासून असे हात लावत आलेय. तो हात कुणी झटकल्याचं मला आठवत नाही. झटकत नाहीतच.

काकांनी वाकून तिच्या उजव्या कोपराला हात लावला. काकांच्या खांद्यावर काकूंचा, काकूंच्या पाठीला आणखी कुणाचा. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, ढकलू नका, भाकरी नाही वाटत इथे." सगळे हसले, आणि ते हसणं त्या हातांमधून पुढे सरकत तिच्या कोपरापर्यंत आलं. पातं काटकीवर हललेलं मी पाहिलं.

"आजोबा, रिंगणात यायचं नसतं," ती हळूच म्हणाली.

"अगं, आशीर्वाद हाय तो. चालव तू."

तिने माझ्याकडे पाहिलं. पलीकडे सतरंजीवर वहिनी वांग्यांना तेल लावत होती. तिचा हात थांबला आणि तिनेही माझ्याकडेच पाहिलं. ती काही बोलणार नव्हती. सासरच्या मोठ्या माणसांपुढे ती बोलत नाही, आणि अट तर तिने घालून ठेवली होतीच.

मी हसून वेळ निभावते, नेहमी. तेव्हाही ओठ हसायला लागले होते. तेवढ्यात भाचीने मान खाली घातली, कोपर ताठ केलं, त्या सगळ्या हातांच्या वजनासकट, आणि पातं ढकलायला घेतलं. डावा अंगठा काटकीवर पुढे सरकला होता.

मी तिचं मनगट धरलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, जरा मोठाच निघाला.

"काका, तिचं कोपर सोडा. सगळ्यांनी मागे व्हा. मी सांगेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही."